श्रीखंडाच्या डब्यातला कॉम्प्युटर

मंडळी, आज दुपारी एक साधी खरेदी करायला गेलो आणि घरी आल्यापासून नुसता बसून आहे.

जयपुरात आमच्या बनी पार्कच्या घरात तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आहे. त्याला जोडलेल्या एसएसडी डिस्कमध्ये आमचे सगळे फोटो. माझ्या बायकोने, नीलिमाने, तो स्वतः जोडला होता. विकतचा केस, म्हणजे कॉम्प्युटर ठेवायची पेटी, तिला पसंत नव्हता. पुण्याहून आणलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तापलेल्या सुईने भोकं पाडून तिने दोन्ही त्यात बसवली. भोकांतून जयपूरची धूळ आत जायचीच. मग दर रविवारी ती झाकण उघडून जोरात फुंकर मारायची आणि हमखास शिंकायची.

नीलिमा या उन्हाळ्यात गेली.

काल मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, धुळीने ते तापतं. फोटो गेले तर? चांगला केस घे ना."

दुकानदाराने अॅल्युमिनियमचा केस पुढे केला. "डॉक्टर साब, ये पूरा बंद है. धूल नहीं जाएगी. पंखा भी नहीं, तो बिल्कुल आवाज़ नहीं." मी लगेच घेतला.

घरी येऊन डबा उघडला. आत धुळीचा थर होता. मी फुंकर मारली आणि, खरं सांगतो, शिंकेची वाट बघत उभा राहिलो.

झाकण परत लावलंय. नवा केस पिशवीतच आहे. मुलीचं बरोबर आहे, कळतं मला. पण या घरात आणखी किती शांतता आणायची, तुम्हीच सांगा.