सोपानदादांनी बंद केलेली प्रेस

नवा सर्व्हर आला की आमच्या कंपनीत साहेबलोक पेढे खात आणि सोपानदादा सेफ्टी शूज चढवून शॉप फ्लोअरवर जात. महाळुंग्याच्या या कारखान्यात ते डेटाबेस सांभाळत; खुर्ची एसी खोलीत होती. तरी संगणकाला हात लावण्याआधी ते मशीनवरच्या माणसांना विचारून येत, "यात तुमी काय लिवणार, अन कंच्या भाषेत?" कारखाना उभा आहे तिथं पूर्वी दादांच्या घरचा कांदा निघायचा. "दादांना अजून हे आपलं शेतच वाटतं," असा प्लँट हेड साहेबांचा आवडता विनोद होता. हसणं ही आमच्याकडे अर्धी नोकरी आहे, त्यामुळे सगळे हसत.

मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिला धडा हाच मिळाला. डेटाबेस क्लस्टर म्हणजे एका सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांचं घर. ते उभारतानाच ठरवायचं, की आत कोणत्या लिपीची अक्षरं मावतील, ते एन्कोडिंग. आणि याद्या कोणत्या भाषेच्या क्रमाने लागतील, ते लोकेल. "पाया भरतानाच सांग, पोरी. स्लॅब पडल्यावर सांगशील तर समदं पाडून परत बांधावं लागंल."

मग कंपनीने कामगारांचा आवाज ऐकायचं ठरवलं. तक्रारी लिहायला फ्लोअरवर टच स्क्रीन बसवला. ऐकायची ओढ इतकी अनावर, की कामगार कोणत्या भाषेत बोलतात हे विचारायला सवडच झाली नाही.

"दादा, हेड ऑफिसची सेटिंग आहे तीच टाका," साहेब म्हणाले. "फक्त इंग्रजी अक्षरं. सगळ्यांना येतं इंग्रजी."

"समदे म्हंजी कोण, साहेब? तुमी अन मी?"

दादांनी हरकत लेखी दिली. साहेबांनी ती आदराने फाइलला लावली आणि क्लस्टर हेड ऑफिसच्या माणसाकडून उभारून घेतला.

कामगारांनी अर्थातच मराठीत लिहिलं. आत त्या अक्षरांना जागाच नव्हती. एरर दिसली तर बरं दिसत नाही, म्हणून ॲपवाल्या ठेकेदाराने न मावणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवण्याची सोय केली होती. लिहिणाऱ्याला मात्र "धन्यवाद, तक्रार नोंदवली" असा हसरा संदेश मिळे. अहवालात धोक्याचा एकही शब्द येईना. प्लँटला सुरक्षेची ट्रॉफी मिळाली.

एक दिवस बॅकअप तपासताना दादांनी ते टेबल उघडलं. वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं.

"यातली अक्षरं परत मिळतील?" मी विचारलं.

"न्हाई. आत गेलीच न्हाईत, सांडली. चल, ज्यांनी लिवलं त्यांनाच इचारू."

वही घेऊन आम्ही एकेका मशीनपाशी गेलो. पत्रा दाबून आकार देणाऱ्या तिसऱ्या प्रेसवर लातूरकडच्या सुरेखाताई होत्या. "चारदा लिहिलंय की वो दादा! हात आत असला तरी प्रेस खाली येतीय. दोनदा बोटं वाचली माझी. तुमचं मशीन मला धन्यवाद म्हणतंय निस्तं!"

दादा पुढे झाले आणि प्रेसचा मेन स्विच पाडला. लाइन थांबली. साहेब धावत आले. इतक्या वेगाने फ्लोअरवर ते ट्रॉफीच्या फोटोलाही आले नव्हते.

"कुणाला विचारून बंद केलंत?"

"हिला इचारून."

मेंटेनन्सवाल्यांनी प्रेस तपासली. हात आत असताना प्रेस रोखणारा सेन्सर मेलेला निघाला. साहेबांचा चेहरा पडला. उत्पादन थांबल्यामुळे असावा.

सुट्टीच्या दिवशी दादांनी सगळा डेटा बाहेर काढला, सगळ्या लिप्या मावतील असं यूटीएफ-८ एन्कोडिंग आणि मराठी लोकेल देऊन नवा क्लस्टर उभारला आणि डेटा परत भरला. सोमवारी कंपनीने कृतज्ञता दाखवली. विनापरवानगी लाइन थांबवल्याबद्दल दादांची बदली भंगार यार्डात केली. निघताना ते मला एवढंच म्हणाले, "सुरेखाच्या मशीनवर ध्यान ठेव."

त्याच दुपारी सुरेखाताईंनी स्क्रीनवर तक्रार लिहिली: "सोपानदादांनी माझी बोटं वाचवली. त्यांना भंगारात का टाकलं, याचं उत्तर द्या." खाली त्यांच्या लाइनवरच्या सगळ्यांची नावं.

अक्षर न् अक्षर शाबूत साठलं आहे. साहेबांनी ते उघडून वाचल्याची नोंदही आहे. समजलं नाही म्हणायची सोय दादांनी ठेवलेली नाही. उत्तराचा रकाना अजून रिकामा आहे, आणि मी तो रोज उघडून बघते.