सरांच्या मागोमाग

आमच्या कॉलेजात मुली वर्गात आपल्या आपण जात नसत. तसा नियम कुठं टांगलेला नव्हता, पण पुण्याला अशीच रीत आहे असं प्राचार्यांनी सांगितलं होतं आणि शिरूरला तेवढं पुरेसं होतं. तास संपला की मुलींनी लेडीज रूममध्ये येऊन बसायचं. पुढची घंटा झाली की प्राध्यापक वर्गाकडं जाता जाता त्या दारापाशी क्षणभर थांबायचे. मग आम्ही पुस्तकं छातीशी धरून उठायचं आणि त्यांच्या मागोमाग, खाली मान घालून वर्गात शिरायचं. तास झाला की तशाच बाहेर. कोंबडीमागं पिल्लं चालतात तशा आम्ही चालत असू. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. पुढं सरांची पाठ नसती तर मी त्या वर्गाचा उंबरा ओलांडलाच नसता, इतकी मी भित्री होते.

साठ सालानंतरची ही गोष्ट. गावातल्या चार शिकलेल्या माणसांनी मिळून काढलेलं ते छोटंसं खाजगी कॉलेज एका रिकाम्या धान्याच्या गोदामात भरायचं. आता ते नाही. मी शिरूरजवळच्या निमोण्याची. आज्याच्या काळापर्यंत आमच्या घरी मेंढरं होती. वडिलांनी ती मोडली आणि शेतीत लक्ष घातलं. मी मॅट्रिक झाले, तेव्हा मला शिरूरला मामांकडं ठेवून पुढं शिकवायचं ठरलं. त्या दिवशी वडील अंगणात बसून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "शीक. पण तुझ्या नावानं एक बोल जरी माझ्या कानावर आला, तर त्या दिवशी पुस्तकं बंद. मंग मी कुणाचं ऐकायचो न्हाई."

वडील शब्दाचे पक्के होते, हेच तर माझं दुखणं होतं. त्यांनी आजवर एकदा सांगितलेली कुठलीही गोष्ट मागं घेतलेली मी पाहिली नव्हती. घरी परत जायचं म्हणजे काय तेही मला ठाऊक होतं. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींच्या कडेवर तेव्हा मुलं होती.

लेडीज रूम म्हणजे गोदामाची जुनी काट्याची खोली, मधल्या चौकाच्या एका कडेला; वर्ग चौकापलीकडं. पूर्वी तिथं पोती वजन करत. काटा गेला तरी त्याचा लोखंडी आकडा आढ्याला तसाच लोंबत होता. खाली एक सतरंजी, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि दाराशी स्टुलावर चाची. चाची शिरूरच्याच एका मुसलमान घरातली. नवरा गेल्यावर वर्ग झाडायला आणि आमच्या खोलीची राखण करायला म्हणून तिला ठेवली होती. ती दिवसभर सुपारी कातरायची आणि दाराशी कुणी मुलगा रेंगाळला की नुसती अडकित्ता वाजवायची. तेवढ्यानं तो पुढं जायचा.

सुरुवातीला आम्ही तिघी होतो. दिवाळीनंतर एकीच्या वडिलांची मामलेदार कचेरीतून दौंडला बदली झाली. दुसरीचं मार्गशीर्षात लग्न लागलं. खोलीत मी एकटी उरले.

तिघी एका माणसामागं चालणं वेगळं आणि एकटीनं चालणं वेगळं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मराठीचे सर म्हातारे होते, त्यांच्या मागून गेले तर कुणी हूं की चूं करत नसे. पण तर्कशास्त्राचे सर पुण्याहून नुकतेच आलेले, बिनलग्नाचे, आम्हा विद्यार्थ्यांहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे. सगळी माणसं मर्त्य आहेत हे ते रोज नव्यानं सिद्ध करायचे आणि प्रत्येक वेळी घाबऱ्या घाबऱ्या फळ्याकडं बघायचे. तेही भित्रेच होते. एका भित्र्यानं दुसऱ्या भित्र्याच्या आडोशाला जायचं, अशी आमची गत.

लग्नसराई ऐन रंगात होती. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर सरांच्या मागून मी वर्गात पाऊल टाकलं आणि मागच्या बाकांवरून मंगलाष्टकाचा सूर उठला. आधी एकानं हळूच धरला, मग तिघाचौघांनी. मला वाटलं, बाहेर कुठं लग्न लागत असेल. तेवढ्यात माझ्या डोक्यावर, पदरावर, सरांच्या कोटावर दाणे पडले. कुंकवात रंगवलेली ज्वारी. आमच्या भागात लग्नात तांदळाची चैन कुणाला परवडायची नाही, अक्षता ज्वारीच्याच. कुठल्याशा लग्नात उरलेल्या अक्षता पोरांनी खिशात जपून आणल्या होत्या. मग सगळा वर्ग एका आवाजात "सावधान" म्हणाला.

सर मानेपर्यंत लाल झाले. त्यांच्या हातातला खडू मोडला. मी बाकावर बसले, पण त्या तासाला काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांपुढं निमोण्याचं अंगण होतं. फेकणाऱ्यांतला एक मुलगा मामांच्याच आळीत राहणारा होता, आणि आळीतली बातमी निमोण्याला पोचायला एक एसटी पुरे.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. मी पुस्तकं घेऊन उठले. सर आले नाहीत. मला वाटलं, रजेवर असतील. मग चौकापलीकडून हजेरी घेण्याचा आवाज आला. ते ऑफिसच्या मागच्या दारानं निघून, आमची खोली टाळून, परस्पर वर्गात गेले होते. माझा नंबर त्यांनी पुकारला, क्षणभर थांबले, आणि कुणीतरी मागून म्हणालं, "वरात अजून वाटेत हाय, सर." वर्ग हसला. मी पुन्हा सतरंजीवर बसले. त्या वेळी मला सरांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. पोरं ती पोरंच. पण ह्या माणसानं मला तिथं सोडून पळावं?

तिसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच. तर्कशास्त्राच्या तासाला मी काट्याच्या खोलीत बसून वर्गातला आवाज ऐकत राहायचे. एकटीनं चौक ओलांडून साठ-सत्तर पोरांच्या नजरेसमोरून बाकापर्यंत जायचं, हा विचार नुसता मनात आला तरी उचललेली पुस्तकं मी पुन्हा खाली ठेवायचे.

एके दिवशी प्राचार्यांनी ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "तर्कशास्त्राला तुमची हजेरी पडत नाही," ते म्हणाले. "असंच चाललं तर टर्म मिळणार नाही, मग परीक्षेला बसता येणार नाही. काही अडचण आहे का? असेल तर मी वडिलांना पत्र लिहितो."

"नाही, सर," मी म्हणाले. अडचण सांगितली असती तर पत्र गेलं असतं, आणि पत्र गेलं असतं तर तोच बोल झाला असता.

त्याच संध्याकाळी मामांनी जेवताना विषय काढला. मामा अडत्याकडं कामाला होते, दिवसभर माणसांत असायचे. अक्षतांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते ओरडले नाहीत, त्यामुळं मी जास्त घाबरले.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "झालं ते झालं. तुझ्या वडलांना, आप्पांना, मी अजून काय बोललो न्हाई. पण त्या मास्तराच्या मागनं एकटी चालताना परत कुणी बघितलं, तर मीच तुला निमोण्याला पोचवीन. माझ्या घरात ऱ्हाऊन नाव खराब झालं तर भणीला काय तोंड दाखवू?"

मामी ताटात भाकरी वाढत होती. "तुमी जेवू द्या की तिला," एवढंच ती म्हणाली.

म्हणजे सरांच्या मागून गेले तर घरी जाणार, आणि वर्गात गेले नाही तरी घरी जाणार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या खोलीत रडत बसले. चाची वर्ग झाडून आली, केरसुणी कोपऱ्यात ठेवून स्टुलावर टेकली. अडकित्ता हातात घेतला. मग म्हणाली, "तू गेलीस का ही खोली बंद व्हईल. पोरी न्हाईत तर चाची कशाला, म्हंतील. मलाबी रोज त्याचंच भ्या वाटतंय, बेटी."

मला वाटलं होतं, भीती माझ्या एकटीचीच आहे. मी डोळे पुसले.

"आत्ता वर्गात कोण आहे?" मी विचारलं.

"आत्ता? कोन असनार? समदी चहाच्या टपरीवर. घंटा झाल्याबिगर यायची न्हाईत."

हे मी रोज बघत होते, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. मला भीती होती ती त्यांच्या समोरून चालत जायची. आधीच जाऊन बसलं तर चालावं लागणार नव्हतं. आणि सरांच्या मागून गेले असंही कुणाला म्हणता येणार नव्हतं.

मी उठले. चाची माझ्याकडं बघत राहिली. चौक ओलांडला. रिकाम्या वर्गात शिरले आणि पहिल्या बाकावर भिंतीकडेला बसले. बाकाच्या फटीत एक लाल ज्वारीचा दाणा अडकला होता. झाडताना चाचीच्या केरसुणीला तो लागला नसावा. मी त्याच्यावर पुस्तक ठेवलं.

घंटा झाली. पोरांचा गलका चौकात आला. पहिला आत आला तो आमच्या आळीतलाच. त्यानं मला पाहिलं, दारातच थबकला आणि मागं सरला.

"काय रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"आत ती बसलीय."

"मग जा की."

"तूच जा."

कुणीच आत येईना. एकटी मुलगी बसलेल्या वर्गात पहिला कोण शिरणार? जो शिरेल त्याच्या नावानं बाकीचे मंगलाष्टक म्हणणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. दाराबाहेर गर्दी वाढली. एकमेकांना ढकलणं झालं, हसणं झालं, मग हसणंही थांबलं. मी फळ्याकडं बघत होते. आता उठून पळावं असं सारखं वाटत होतं, पण पळायचं तरी कुठून, दारात तेच उभे होते.

सर रोजच्यासारखे ऑफिसच्या मागच्या दारानं आले. गर्दी बघून आधी थांबले, मग डोकावले. माझी आणि त्यांची नजर क्षणभर मिळाली. ते घसा साफ करून आत आले.

आणि त्यांच्या मागोमाग, एकामागून एक, वह्या हातात घेऊन, खाली मान घालून सगळी पोरं वर्गात आली. चौकापलीकडं चाचीचा अडकित्ता वाजल्याचं मला ऐकू आलं.

हजेरी सुरू झाली. माझा नंबर आला. "येस सर," मी म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.