पाहुण्यांच्या नऊ खोल्या

धुरपताबाई रागावली की ओरडत नाही, झाडते. राग जेवढा मोठा तेवढं अंगण लांब. मागच्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ती आपलं अंगण संपवून रस्ता झाडू लागली, आणि रस्ता झाडत झाडत समोरच्या ईश्वरदासच्या दारापर्यंत पोचली, तेव्हा कामठ्याच्या त्या गल्लीनं ओळखलं की गोवर्धननं घर पुन्हा वाढवलं.

घर म्हणजे अजून घर नव्हतंच. जुनं कवेलूच्या छपराचं मातीघर पाडून झालं होतं. बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या कोठ्यात नवरा-बायको राहत होती, आणि मोकळ्या जागेवर टिकाराम मिस्त्रीनं दोरी धरून चुन्याची पांढरी फक्की टाकली होती. पाया दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाल्यावर खोदायचा. पहिल्या दिवशी फक्की पाच खोल्यांची होती. गोवर्धन तिच्या मधोमध उभा राहिला, त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

आता उघड्या आभाळाखाली फक्कीची खोली खाटेएवढीच दिसते. भिंती उठल्या की ती मोठी होते. हे घर बांधणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि स्वतःच्या घराच्या वेळी एकालाही आठवत नाही. त्यात समोर चुलतभावाचं, ईश्वरदासचं, दोन मजली घर उभं.

"टिकाराम, हे त कोंबड्याचं खुराडं दिसते गा. वाढव."

"वाढते जी," टिकाराम म्हणाला. टिकारामला सगळंच जमतं. उद्या कोणी विहीर गच्चीवर मागितली तरी तो "होते जी" म्हणून चहा मागवेल.

मग रोज संध्याकाळी गोवर्धन फक्कीत फेऱ्या मारायचा आणि रोज त्याला घर लहान वाटायचं. पाचाच्या सहा झाल्या, सहाच्या सात. पुढं रस्ता होता, बाजूला दुसऱ्याची भिंत. घर वाढणार ते मागंच, आणि मागं होती धुरपताबाईची सांदवाडी.

सांदवाडी म्हणजे परसू. पण नुसतं परसू म्हणून कसं चालेल? माहेरच्या चोरखमाऱ्याहून ती लग्न होऊन आली तेव्हा पुढची सपरी, म्हणजे ओसरी, सासऱ्याची होती, मग नवऱ्याची झाली. वावर नवऱ्याच्या नावावर, गोंदियातलं दुकान पोराच्या. मागच्या दारापलीकडं मात्र हिचं राज्य. तिथं भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर, शिवाय वांगी, वालाचा मांडव, आवळ्याचं झाड आणि हातपंप. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया कंबर धरून यायच्या त्या इथंच टेकायच्या. गल्लीतल्या कोणत्या सुनेचं कुठं अडलंय, कोणाचा जावई कशाला रुसलाय, सगळ्याचा निकाल आवळ्याखाली लागायचा. त्या निकालांपैकी निम्मे शेजारच्यांना घरबसल्या ऐकता यायचे, हा गल्लीचाही फायदाच होता.

"कायले पाह्यजेत नऊ खोल्या?" तिनं विचारलं, कारण आकडा तोवर नऊवर गेला होता. "आपण दोघं. एका खोलीत तुमी घोरसाल. बाकीच्या आठांत कोण घोरन?"

"मंडईले पाहुणे येतात का नाई? मागच्या साली माह्या भाच्याले कोठ्यात झोपा लागलं. इज्जत गेली."

"थो पिऊन आला होता जी. महाल असता त महालात पडला असता."

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. चारी दिशांचे सोयरे येतात, दुपारी बाजार फिरतात, रात्री मंडपातलं नाटक पाहतात. त्या एका दिवसाच्या हिशेबानं गोवर्धननं घर आखलं होतं. ही बहीण चंदाची खोली, ही भाच्याची, ही देवरीच्या मामाची.

तिनं मुलाला फोन लावला. प्रफुल गोंदियात दोन खोल्यांत राहतो आणि त्या त्याला पुरतात.

"माय, घर एक ही बार बनता है. बाबूजी बनवून राहिले त बनवू दे ना."

"तू येऊन राहतं का?"

"अभी तो नहीं. दिवाळीले येत जाईन ना."

"मंग तुही खोली संगच नेत जाय. दिवाळीले आनजो," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि खराटा उचलला.

तिचा राग कोणाला कळत नव्हता असं नाही, कळून घ्यायचा नव्हता. दरवर्षी दिवाळीला त्या जुन्या घराच्या भिंतींना पांढऱ्या मातीची छुई तिनं एकटीनं लावली होती. घर किती मोठं हे नवऱ्यानं डोळ्यानं मोजलं, तिनं खांद्यानं. समोरची पुष्पाबाई, ईश्वरदासची बायको, हिच्यापेक्षा वर्षभरानंच मोठी, पण गुडघ्यांमुळं वास्तुपूजेनंतर वर चढलेली नाही. वरच्या मोठ्या बेडरूममध्ये धानाची पोती झोपतात आणि उंदीर नवीकोरी फरशी वापरतात. पुष्पाबाई स्वतः स्वयंपाकघरात चटई टाकते. "माह्या घरात वर काय हाय, थे पाहुणेच मले सांगतात," ती एकदा आवळ्याखाली म्हणाली होती. सगळ्या बाया हसल्या. धुरपताबाई हसली नाही.

मंडईच्या दिवशी पहाटे ती भेदरं तोडायला गेली आणि थांबली. आदल्या संध्याकाळी फक्की सांदवाडीत शिरली होती. लाल भेदरांवर चुना पडला होता. सांबाराच्या वाफ्यात मधोमध खुंटी ठोकलेली. कुठं नेऊन थांबवली होती रेघ, तर आवळ्याच्या बुंध्याला.

त्या दिवशी तिनं झाडलं नाही. गल्ली तेव्हाच घाबरायला हवी होती.

तिनं प्रत्येक फक्कीच्या खोलीत एक चटई अंथरली, एक तांब्या ठेवला. देवरीच्या बसमधून उतरून नणंद चंदा आली, मागोमाग भाचा, मामा. धुरपताबाई पदर सावरून पुढं झाली.

"या चंदाबाई. हे तुमची खोली. तुमच्या भाऊनं खास काढली. बसा."

चंदाला वाटलं, भाभी थट्टा करते. ती हसत बसली. भाचा त्याच्या खोलीत, मामा त्याच्या. गोवर्धनला 'हॉल'मध्ये प्लास्टिकची खुर्ची दिली. मग धुरपताबाईनं चूल पेटवली ती नकाशातल्या किचनमध्ये, आणि वाढायला निघाली. रेघ ओलांडून नाही बरं. जिथं दार दाखवलं होतं त्याच फटीतून बाहेर, पडवी वळून, दुसऱ्या दारातून आत. कढईतून निघालेली सुवारी, म्हणजे पुरी, चंदापर्यंत पोचेस्तोवर चामडं व्हायची. भाच्याला भाजी हवी होती, ती मामाकडं होती. मामाला ऐकू कमी येतं.

"मामाजी, भाजी."

"हो, मस्त झाली."

गल्लीतली माणसं एकेक करून कुंपणाशी काही ना काही काम काढू लागली. गोवर्धन दात खाऊन म्हणाला, "प्रफुलच्या माय, काऊन तमाशा करून राहिली?"

"तमाशा नोहे जी. घर वापरून राहिली."

शेवटी चंदाच उठली. "भाभी, मी का मुडदा राखून राहिली का अठी एकटी?" ताट घेऊन, पांढरी रेघ ओलांडून ती सरळ आवळ्याखाली जाऊन बसली. मागोमाग भाचा, त्याच्यामागं भाजीसकट मामा. घटकाभरात तिथं एवढं हसणं सुरू झालं की कुंपणावरची माणसंही आत आली. हॉलमध्ये गोवर्धन आणि त्याची खुर्ची.

"उन्हानं उठले सारे," तो म्हणाला. "छत पडू दे, मंग पाह्य."

"रातीले पाहू," ती म्हणाली. चटया तिनं उचलल्या नाहीत. वर एकेक घडीची चादर ठेवली.

रात्री सगळे नाटकाला गेले आणि उजाडताना परतले, ते थेट हातपंपावर. चुळा भरत कोणता नट पडला, कोणाची मिशी निघाली याच्या नकला केल्या, आवळ्याखाली चहा घेतला आणि बस गाठायला गेले. चंदा जाताना भावाला म्हणाली, "सुखी राह्य भाऊ, मले खोलीगिली नोको. नाटक असन त झोपते कोण?"

ते गेल्यावर धुरपताबाई नवऱ्याला फक्कीपाशी घेऊन गेली. चादरींवर दव साचलं होतं, एकीचीही घडी मोडली नव्हती.

"आता त ऊन नोतं जी."

गोवर्धननं एका चादरीचं टोक उचलून पाहिलं. मग म्हणाला, "लोक काय म्हणतीन?"

"लोक आताच चाय पिऊन गेले. काई म्हणले का?"

टिकाराम फावडं घेऊन आला तेव्हा ती सांबारातली खुंटी दोन्ही हातांनी उपटत होती. तिनं उपटलेल्या खुंट्या त्याच्या पायाशी टाकल्या.

"टिकाराम, पाच खोल्यांत होते का घर?"

त्यानं गोवर्धनकडं पाहिलं. गोवर्धन आवळ्याकडं पाहत होता. "पाचातबी होते बाई," टिकाराम म्हणाला.

घर पाच खोल्यांचं झालं. स्लॅब पडेपर्यंत गोवर्धन बायकोशी बोलला नाही, आणि वाचवलेली सगळी हौस त्यानं फाटकात घातली. लोखंडी, उंच, वर दोन सिंह, आतून धान कापायचं हार्वेस्टर जाईल एवढं. ईश्वरदास दोनदा येऊन पाहून गेला, त्यामुळं गोवर्धनचं पोट भरलं. पण ते उघडायला दोन माणसं लागतात आणि किंचाळतं असं की बसस्टॉपवर कळतं गोवर्धन वावरात निघाला.

धुरपताबाई अजून रागातच आहे. फाटकासमोरचा रस्ता आता तिलाच झाडावा लागतो. स्वतः ती सांदवाडीच्या बांबूच्या तट्ट्यातून ये-जा करते आणि सगळी गल्लीही तिथूनच येते. मोठ्या फाटकानं काऊन जात नाही म्हणून गोवर्धननं परवा विचारलं.

"तुमचे मंडईचे पाहुणे येतीन तवा उघडजा," ती म्हणाली, आणि भेदरांना पाणी घालायला गेली.