बंद रेडिओचा पदव्युत्तर अभ्यास

मी नागपूरला प्रसारण-व्यवस्थापन शिकायला गेलो, तेव्हा आमच्या गोंदियात प्रसारण म्हणावे असे एकच होते : भातगिरण्यांचे भोंगे. त्यांचे व्यवस्थापन गिरणीचा चौकीदार चौथी नापास असूनही बिनचूक करत असे. तरीही बी.ए. झाल्यावर मी ही नवीकोरी पदव्युत्तर पदविका धरली, कारण नाहीतर वडिलांच्या गिरणीत गादीवर बसणे कपाळी होते. वडिलांनी एक वर्ष दिले. ‘पास झाला तं तुहा रेडिओ. फेल झाला तं सीधा गिरणीत.’

वर्गात आम्ही चौघे. रेडिओ एक, तोही सरांच्या टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली. त्याला हात लावायची सक्त मनाई होती. व्यवस्थापन हा विचार करण्याचा विषय आहे, असे सर म्हणत. सर विलायतेहून शिकून आलेले आणि खेड्यांतल्या सरकारी रेडिओंचे सल्लागार. आपल्या सल्ल्याने बसवलेले सगळे संच उत्तम चालतात, असा अहवाल त्यांनी देऊनही टाकला होता. एखादा संच पाहून ये, म्हणून मला मात्र त्यानंतर पाठवले. माझ्या प्रबंधाचा विषय ठरला, ‘सामुदायिक रेडिओचा ग्रामीण श्रोत्यांवरील परिणाम’.

सौंदडला गाडीतून उतरलो आणि धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून, म्हणजे चिखलाच्या अरुंद बांधांवरून, घसरत दोन कोस चाललो. गावच्या शाळेत रेडिओ होता, लोखंडी पेटीत, कुलपात. किल्ली मास्तरांकडे. त्यांच्या नोंदवहीत रोजचे श्रोते साठ. मी हरखून सगळे आकडे उतरवून घेतले आणि सहज म्हणालो, ‘लावा बरं जरा.’

‘लावून काय करता जी? बॅटरी मागच्या सालच्या पोळ्यालेच मेली.’

‘कळवलं नाही?’

‘तीनदा कळवलं. पन जुनं राज्य सोडून आपुन मुंबई राज्यात गेलो ना! जुनी कचेरी म्हनते कागद नवीकडे, नवी म्हनते जुनीकडे. जिल्हा हलला, कागद काही हलून नाही राहिले.’

‘मग हे साठ श्रोते?’

‘येतेत ना. आज तुमीबी या.’

दिवेलागणीला खरोखरच साठ माणसे आली. पुरुष अंगणात, बाया ओट्यावर. मास्तर पेटीमागच्या खिडकीआड गेले, तोंडाला टिनाचा भोंगा लावला आणि सुरू झाले. तरुणपणी बारा वर्षे दंडारीच्या खेळात त्यांनी राणीचे सोंग केले होते, त्यामुळे आवाज हुकमी. सौंदडला गाडीने आलेल्या पेपरातल्या बातम्या झाल्या, बाजारभाव झाले, शेतीवर भाषण झाले, एक गाणेही झाले. मधूनमधून ‘खर्र-खर्र’सुद्धा ते स्वतःच करत.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी म्हणालो, ‘बाबाजी, हा तर मास्तरांचा आवाज!’

‘मंग कोनाचा राहीन? आमी का बहिरे हाओ?’

‘मग ती खरखर कशाला?’

‘ते नाही केलं तं रेडिओ कसा वाटन गा?’

एवढे बोलून तो ओरडला, ‘ए रेडिओ, धानाचा भाव पुन्हा सांग!’ रेडिओने सांगितला. ओट्यावरून एका बाईने विचारले, ‘देवीची टोचनी कधी हाये?’ रेडिओने गाणे अर्ध्यावर सोडले. ‘मंगळवारी. पोरीले आनजो वो बाई, मागच्या वेळी चुकवली तू.’

आमच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात लिहिले होते की श्रोत्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, हीच रेडिओची मोठी उणीव. ती उणीव इथे एका मेलेल्या बॅटरीने दूर केली होती. माझा प्रबंध मात्र बुडाला होता. बंद रेडिओचा परिणाम कोणत्या तोंडाने मोजायचा? मी वहीत प्रामाणिकपणे ‘संच बंद’ असे लिहिले आणि गिरणीची गादी डोळ्यांसमोर आणून बसलो.

गावातला मुक्काम हलवायच्या आतच सरांचे पत्र आले : पाहणीला येतो, तिथेच तुझ्या वहीवर सही करतो.

सरांना रेडिओ चालू वाटलाच पाहिजे, म्हणून मी मास्तरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मग गाव गोळा करून बजावले, ‘सर असेपर्यंत रेडिओला कोणी काही विचारायचं नाही.’ उच्च शिक्षणाचा त्या गावाला माझ्याकडून झालेला हा पहिला लाभ.

सर आले त्या संध्याकाळी ते अंगणात खुर्चीवर बसले. बातम्या निर्विघ्न पार पडल्या. सर माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘आवाज फारच स्वच्छ येतोय.’ मी विनयाने मान खाली घातली. मग बाजारभाव लागले आणि इतका वेळ गप्प बसून फुगलेला तो म्हातारा फुटला. ‘हा तं कालचा भाव होय! आजचा काऊन नाही सांगत?’

भोंग्यातून सवयीने उत्तर आले, ‘पेपरच नाही आला गा आज! गाडी लेट हाये!’

सर उठले. खिडकीमागे गेले. मास्तर भोंगा छातीशी धरून उभे राहिले आणि त्यांनी लवून नमस्कार केला. सरांनी किल्ली मागितली, पेटी उघडली. आत पालीची चार अंडी होती. साठ माणसे माना उंचावून पाहत होती. सरांनी माझी वही घेतली, ‘संच बंद’ खोडले आणि सुंदर अक्षरात लिहिले, ‘स्थानिक सहकार्यामुळे संचाची सेवा अखंडित आहे.’ खाली सही केली.

मास्तरांनी खांद्यावरून वाचले. ‘याचा मतलब का होते जी?’

‘संच बंद आहे,’ मी म्हणालो.

‘मंग तसंच लिवा ना!’

सरांनी पेनाला टोपण लावले. ‘तसं लिहिलं तर हा नापास होतो. आणि याच्याबरोबर मीही.’

मास्तरांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग ते खिडकीआड गेले. खर्र-खर्र झाले, आणि माझा निकाल नागपूरच्या आधी त्या गावात लागला :

‘आताच हाती आलेली बातमी. गोंदियाचा पोरगा पास झाला. त्याचे सरबी पास झाले.’