हुणसूरचा रिपोर्ट

आज येलवालच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईंनी सोनचाफा माळला होता. त्या वासासरशी म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीचं आमचं जुनं ऑफिस आणि रोज सोनचाफा माळून येणाऱ्या माझ्या सीनियर, रजनीअक्का, आठवल्या.

मी सांगलीहून नवीनच आले होते. लॅबमधल्या तपासणीचे रिपोर्ट गावोगावच्या दवाखान्यांना कॉम्प्युटरवरून आपोआप जात, आणि प्रत्येक गावाचं काम एका मोठ्या स्क्रीनवर एकेका चौकोनात दिसे. त्या दुपारी हुणसूरचा चौकोन लाल झाला, म्हणजे काम अडकलं, आणि लगेच तिथून फोन आला. एका अडलेल्या बाईचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टसाठी खोळंबलं होतं.

मी माऊस अक्कांकडे सरकवला. "अक्का, तुम्ही करा ना."

"तूच कर गं. बाकीची कामं थांबव, हे एकटंच पुढं सोड. मी आहे की, अल्वा?" म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली त्यांची ती कानडी मिसळलेली बोली; 'अल्वा' म्हणजे 'नाही का'.

मी बाकीची कामं थांबवली आणि अडकलेलं पुन्हा सुरू केलं. चौकोन पिवळा झाला, बराच वेळ पिवळाच राहिला आणि मग हिरवा झाला. संध्याकाळी तिथल्या नर्सने कळवलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

तेव्हा वाटलं होतं, अक्का किती निवांत उभ्या होत्या. आता नव्या मुलींच्या खुर्चीमागे मी उभी राहते, तेव्हा कळतं, माऊस हातात न घेणं त्यांना किती जड गेलं असेल.