हळकुंडाखालचा अर्ज

"काय आणून राहिला?"

समोरच्याने खुर्ची ओढायच्या आत हा प्रश्न यायचा. मग चष्मा कपाळावर जायचा, टेबलावरचं जाडजूड हळकुंड कागदांवर ठेवलं जायचं आणि वसमतच्या बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सुनावणी सुरू व्हायची. परदेशातून पहिल्यांदा माल मागवणारा प्रत्येक जण तिथे आरोपी, आणि परवान्याचे अर्ज भरून देणारे आमचे काका न्यायाधीश.

मंडळी, मीही त्या पिंजऱ्यात उभा राहिलो आहे. मला परदेशी हळदीचं बेणं आणायची हुक्की आली होती. काकांनी मला खालून वर पाहिलं. "वसमतमधी बाहेरची हळद? उद्या पूर्णा नदीत ओतायला पान्याचा टँकर मागवशील."

मग तासभर समजावलं. आधी आयात-निर्यातीचा नंबर काढायचा. वस्तू मोकळी, बंधनातली की बंद, ते पाहायचं. बेण्याचा तर परवाना हातात आल्याशिवाय तिकडून माल हलवायचाच नाही. "परवाना आधी, माल मंग. उलटं केलं की माल बंदरात सडते अन् माणूस घरात."

बेणं राहिलं. काकांकडच्या चहाची सवय तेवढी लागली.

पुढे काकू आजारी पडल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आपल्याकडे मिळत नव्हतं. माझा भाचा दुबईहून येणार होता, बॅगेत घालून आणतो म्हणाला. काका ऐकेनात. "जिंदगीभर लोकाईला नको म्हनलं. आता मीच करू व्हय?"

त्यांनी नेहमीच्या हाताने अर्ज भरला. नंबर, नोंदणी, सगळं बराबर. माल साठवण्याची जागा म्हणून घरचा फ्रिज लिहिला, तेव्हा मी खो खो हसलो. आपण औषधाचे व्यापारी झालो म्हणून काकूही हसल्या.

बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं. काकांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. रुग्णाच्या स्वतःच्या वापरापुरत्या औषधाला व्यापाऱ्याची नोंदणी लागत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून साधा अर्ज करावा.

काकांनी हळकुंड हातात फिरवलं. "मी मालच पाहत राहिलो रे. कोनासाठी, हे इचारलंच न्हाई."

साधा अर्ज त्याच दुपारी गेला आणि परवानगी थोड्याच दिवसांत आली. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही काकूंना घाटावर पोहोचवून आलो होतो.

त्यानंतर काकांचा प्रश्न बदलला. "कोनासाठी आणून राहिला?" यंत्रं मागवणारे गोंधळून एकमेकांकडे पाहायचे. औषधासाठी आलेल्याला मात्र काका आधी खुर्ची द्यायचे. मग त्या साध्या अर्जाची प्रत समोर ठेवायचे. "असा भरायचा. अर्ध्या घंट्याचं काम हाय." रुग्णाच्या नावावर तेवढं हळकुंड असायचं.

यंदा काकाही गेले. टेबल रिकामं करायला दुकानदाराने मला बोलावलं. अर्ज तिथेच होता. मी हळकुंड उचललं.

बाकीचा कागद पांढरा होता. काकूंच्या नावाला तेवढी हळद लागली होती.