तांडेलाची गाडी आणि तारलीचं तेल

कुडाळच्या रस्त्यावरच्या आपल्या मांडवात लवू मिस्त्रीने गाडीखालून शाफ्ट काढला, त्याच्या टोकाचा क्रॉस उघडला आणि गुणाजी तांडेलाच्या हातावर ठेवला. गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा. त्याच्या टोकांना चार हातांचे क्रॉस, प्रत्येक हातावर टोपी, आणि टोपीत बारीक पोलादी सुया. त्या सुयांवर सगळं फिरतं. गुणाजीच्या क्रॉसात सुई औषधालासुद्धा उरली नव्हती. लाल पीठ नि काळा डिंक तेवढा होता, आणि चारांतला एक हात झिजून करंगळीएवढा झाला होता.

“ह्येच्यात ग्रीस सोडून घातलंस काय रे?” लवूने विचारलं.

“तारली माशाचा तेल,” गुणाजी म्हणाला. एवढं बघूनही आवाजात ऐट होती हो!

“आवशीचो घो!” लवू मटकन खाली बसला. “मेल्या, ता तेल सुकला काय डिंक होता. सुयो दळून खाल्ल्यान तुझ्या तेलान! ह्यो हात मोडलो असतो तर दांडो खाली आपटान ब्रेकची नळी फोडल्यान असती. मगे हाडां गोळा करूक लागली असती तुझी.”

गुणाजी मालवणचा. अर्धं आयुष्य होडीवरचा तांडेल, म्हणजे पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा. तांडेलाला उलट बोलायचं नाही ही होडीची रीत, आणि ती रीत या बाबाने घरातही आणली. एकदा एका खलाशाने ‘पुढे खडप आसा’, पाण्याखाली खडक आहे, म्हणून दोनदा सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला होडीवर घेतलं नाही. खडप होतं की नव्हतं, हे विचारायची कुणाची छाती! पुढे त्याने होडी विकली आणि लढाईच्या आधीची एक विलायती गाडी घेतली, मालवण-कुडाळ भाडी मारायला. पण माणूस होडीतून उतरला म्हणून होडी काय माणसातून उतरते? नारळी पुनवेला तो गाडीपुढे नारळ फोडी, गाऱ्हाणं घाली, आणि होडीच्या फळ्यांना चोपडतात ते तारलीचं तेल गाडीच्या सांध्यासांध्यांत मायेने भरी. बाजारात गाडी थांबली की भोवती मांजरं जमत. बायको चंद्रावती मासळी विकायची. तिची पाटी मात्र गाडीत नको, का, तर वास येतो! “माझी पाटी नको, नि तुमचा तेल चलता?” असं ती पुटपुटे, पण तेही पाठ फिरवून.

त्या करंगळीएवढ्या लोखंडाकडे बघता बघता गुणाजीला काहीतरी आठवलं आणि क्रॉस त्याच्या हातातून निसटला. बाबली! बाबली त्याचा जावई. मूळचा देवगडचा, गाडीच्या नादाने फोंडाघाटात बिऱ्हाड केलेला, आणि अशीच एक जुनी गाडी घाटात चालवणारा. लेक जानकी दिली तेव्हाच गुणाजीने त्याच्या हातात तेलाचा डबा दिला होता. “विकतचा ग्रीस घालशीत तर माझ्याशी गाठ आसा,” असं बजावूनही ठेवलं होतं. दरसाल नवा डबा जायचा. लेकीकडे गेला की आधी जावयाच्या गाडीचा वास घ्यायचा आणि समाधानाने मान डोलवायची, मग घरात पाऊल. आणि आज दुपारी जानकी तान्ह्या बाळाला घेऊन त्याच गाडीतून घाट चढणार होती, कोल्हापूरला अंबाबाईचा नवस फेडायला.

“देवा म्हाराजा, माझ्याच हातान मी ह्या काय केलंय!”

तसाच काळ्या हातांनी तो धावला आणि येणाऱ्या एस.टी.च्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. वाटभर त्याचं डोकं सुन्न होतं. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, तर हा म्हणाला, “सुयो नाय उरल्या.” डोळे मिटले की घाटातून गडगडत येणारी गाडी दिसे, म्हणून तो पापणी मिटेना. कणकवलीच्या पुढे डोंगर दिसायला लागला, तसा तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

फोंड्यात पोचला, तर बाबलीच्या दारात इंजिन सुरू. मागे जानकी बाळाला घेऊन बसलेली, पायाशी ओटीचं सामान. गुणाजी सरळ जाऊन चाकापुढे आडवा पडला.

“हलवशीत तर माझ्या अंगावरसून हलव! शाफ्ट काढ आधी! माझ्या तेलान सुयो खाल्ल्यान रे बाबली, तुमचो जीव जातलो माझ्या हातान!”

बाबलीने त्याला उठवलं, अंगावरची धूळ झटकली आणि स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, “मामानु, रागवा नको. तुमचा तेल मी कधी घातलाच नाय. ग्रीसच घालतंय.”

“मगे वास?”

“तुमी येतलात म्हणान कळला काय तुमचा तेल गाडीच्या दाराक पुसतंय.”

गुणाजीच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण पाणी पुसता पुसताच त्याला दुसरं काही उमगलं.

“म्हंजे ह्या तेलान काय होता ता तुका म्हायत होता?”

“हयच्या मिस्त्रीन सांगल्यान होता.”

“माका पण म्हायत होता, बाबा,” जानकी गाडीतून म्हणाली. “गणपतीच्या चवतीक तुमी माका तुमच्या गाडीतसून न्हेवक इल्लात, तेव्हा मालवणापर्यंत पोटार हात धरून बसललंय. देवाचा नाव घेत.”

“आनी एका शब्दान बोललंस नाय?”

“तुमका कोण सांगतला?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते काळजात गेलं. पोटातल्या जिवासकट लेक मरणाच्या दारात बसून मालवणपर्यंत आली, पण बापाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणायचं धाडस तिला झालं नाही! गुणाजीला तो खलाशी आठवला. खडप तिथे खरंच होतं.

तो पायरीवर बसला. काळे हात तोंडावरून फिरवत म्हणाला, “जानकी, आनी काय काय सांगूचा रवला हा?”

जानकीने नवऱ्याकडे पाहिलं. बाबलीने इंजिन बंद केलं.

“खूप आसा, बाबा,” ती म्हणाली आणि बाळाला घेऊन गाडीतून उतरली.